टॅकलच्या आधीचा निर्णय: महिला रग्बी आणि ट्रान्स खेळाडू, २०२० ते २०२२

९ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेनं जाहीर केलं, की वयात येताना ज्यांच्या शरीराची वाढ पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली झाली आहे अशा ट्रान्स महिलांना आंतरराष्ट्रीय महिला रग्बीत खेळता येणार नाही. कुठल्याही आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघानं असा नियम करण्याची ही पहिलीच वेळ होती. पावणेदोन वर्षांनी इंग्लंडच्या संघटनेनं तोच नियम गावोगावच्या क्लबांपर्यंत नेला. हा निर्णय कोणत्या टप्प्यांतून झाला, कुठे वेगळी वाट धरता आली असती आणि कुठे धरायला हवी होती, ते या प्रकरणात पाहू. ज्या मोजक्या खेळाडूंवर याचा थेट परिणाम झाला त्यांची नावं इथे दिलेली नाहीत. त्यांतल्या काहींची वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत, पण इथे त्यांची गरज नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. पॅरिस ऑलिम्पिकमधल्या बॉक्सिंगवरून झालेला गदारोळ किंवा धावपटू द्युती चंदचा, शरीरातल्या नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनवरच्या नियमाविरुद्धचा लढा हे या प्रकरणात येत नाहीत. त्या खेळाडू ट्रान्स नव्हेत. दोन्ही विषयांची सरमिसळ केली की दोन्हीकडचा युक्तिवाद बिघडतो.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २००४ मध्ये ट्रान्स खेळाडूंना दार उघडलं, पण शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची संप्रेरक उपचारांची किमान दोन वर्षं अशी अट घातली. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी संप्रेरक, किमान १२ महिने दर लिटरला १० नॅनोमोलच्या खाली असलं की पुरे, असं ठरलं. स्त्रियांमध्ये ही पातळी साधारणपणे अडीचच्याही आत असते. म्हणजे मर्यादा बरीच सैल होती. शिवाय ती सगळ्या खेळांना एकच होती. नेमबाजीला तीच आणि रग्बीलाही तीच.

रग्बीत प्रत्येक बाजूला १५ खेळाडू, सामना ८० मिनिटांचा आणि वजनी गट नाहीत. आपल्या कबड्डीत निदान वरिष्ठ महिलांना ७५ आणि पुरुषांना ८५ किलोची मर्यादा असते. रग्बीत मात्र शंभर किलोची प्रॉप (पुढच्या फळीतली धिप्पाड खेळाडू) आणि साठ किलोची विंगर (कडेनं धावणारी वेगवान खेळाडू) एकाच मैदानावर असतात आणि एकमेकींना अडवतात. कबड्डीतली पकड चढाई करणाऱ्याला रोखण्यासाठी असते, आणि पुष्कळदा अनेक जणी मिळून ती घालतात. रग्बीतला टॅकल पुष्कळदा एकटीनं, पूर्ण वेगात धावत येणाऱ्या खेळाडूवर करायचा असतो. टॅकल करणारी वाकते, खांदा समोरचीच्या कमरेला लावते, डोकं बाजूला ठेवते आणि दोन्ही हात मागे आवळते. डोकं चुकीच्या बाजूला राहिलं तर समोरचीचा गुडघा किंवा कंबरेचं हाड थेट कानशिलावर बसतं. पुरुषांच्या व्यावसायिक रग्बीतल्या एका मोठ्या अभ्यासात डोक्याच्या तपासणीसाठी मैदानाबाहेर न्याव्या लागलेल्या प्रसंगांपैकी ७६ टक्के टॅकलमधले निघाले, आणि त्यांतही बहुतेक वेळा इजा टॅकल करणाऱ्यालाच झाली होती, चेंडू घेऊन पळणाऱ्याला नव्हे. हा तपशील लक्षात ठेवावा लागतो. ‘ताकदवान खेळाडू समोरच्याला चिरडते’ असं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात धोका दोन्ही बाजूंनी असतो, आणि जड, वेगवान खेळाडूला थांबवायला जाणारीला तो सर्वांत जास्त.

इंग्लंडच्या क्लब रग्बीत तेव्हा काही ट्रान्स महिला खेळत होत्या. तिथल्या संघटनेचा, म्हणजे आरएफयूचा, नियम प्रकरणागणिक परवानगीचा होता. खेळाडूनं अर्ज करायचा, टेस्टोस्टेरॉन वर्षभर ५ नॅनोमोलच्या खाली असल्याचे रक्ताचे अहवाल जोडायचे आणि होकाराची वाट पाहायची. २०२२ मध्ये अशा नोंदणीकृत खेळाडू सहा-सात होत्या. पूर्ण इंग्लंडमध्ये.

नेमका पेच

सुरक्षितता, न्याय्य स्पर्धा आणि समावेश ही तीन तत्त्वं वर्ल्ड रग्बीच्या धोरणात एकाच ओळीत गुण्यागोविंदानं नांदत होती. कागदावर ते जमतं. मात्र वर्ल्ड रग्बीच्याच कागदपत्रांत पुरुषी वाढ झालेलं शरीर सरासरीनं ४० टक्के जड, १५ टक्के वेगवान, ३० टक्के जास्त स्फोटक ताकदीचं आणि २५ ते ५० टक्के बळकट असतं असे आकडे होते. प्रश्न असा होता, की औषधांनी टेस्टोस्टेरॉन उतरवल्यावर यातलं किती उतरतं?

उत्तर हळूहळू येत होतं आणि ते सरळ नव्हतं. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायूंचा आकार आणि ताकद मात्र वर्षभरात साधारण पाच टक्क्यांनीच घटते, असं एमा हिल्टन आणि टॉमी लुंडबर्ग यांच्या आढाव्यात निघालं. अमेरिकेच्या हवाई दलातल्या नोंदींवरून २०२० च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर जोर आणि सिट-अप यांच्या चाचण्यांतला फरक पुसला गेला होता, पण दीड मैलाच्या धावण्यात ट्रान्स महिला अजून १२ टक्के पुढे होत्या. हाडांची लांबी आणि सांगाड्याची ठेवण औषधांनी बदलत नाही, याबद्दल वाद नव्हता.

पण हे सगळे अभ्यास रग्बीपटूंवरचे नव्हते. बहुतेक सहभागी व्यक्ती खेळाडूच नव्हत्या. ट्रान्स महिला रग्बीपटू इतक्या थोड्या की त्यांच्या दुखापतींची टक्केवारी काढणंच शक्य नव्हतं. ‘इतकी वर्षं खेळतायत, काय झालं?’ हा एका बाजूचा प्रश्न होता. ‘सहा-सात जणींवरून काय कळणार?’ हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही प्रश्न रास्त होते.

२०१४ मध्ये अमेरिकेत एका एमएमए (मिश्र युद्धकला) लढतीत ट्रान्स महिलेशी लढताना प्रतिस्पर्धी खेळाडूच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेत ते उदाहरण येतं. मला ते फारसं उपयोगाचं वाटत नाही. त्या खेळात कुणाचंही हाड कुणाशीही लढताना मोडतं. एका लढतीवरून नियम करता येत नाही.

कोणते पर्याय समोर होते

आहे तेच चालू ठेवणं हा पहिला पर्याय कुणालाच फार पटत नव्हता. १० नॅनोमोलची मर्यादा रग्बीसाठी कुणी मोजूनमापून ठरवलेली नव्हती, उसनी घेतलेली होती.

मर्यादा ५ वर आणणं, कालावधी वाढवणं हा दुसरा. पण ताकद जर टेस्टोस्टेरॉनबरोबर उतरतच नसेल, तर आकडा आणखी खाली खेचून काय साधणार? मर्यादेचा वाद सोपा वाटतो, कारण त्यात एक संख्या असते. ती संख्या चुकीच्या गोष्टीची होती.

तिसरा पर्याय खेळाडूगणिक तपासणीचा. हा सर्वांत माणुसकीचा वाटतो आणि मलाही आधी तोच पटत होता. एखादी ट्रान्स महिला ६२ किलोची असेल, ताकद बेताची असेल, तर तिला का अडवायचं? अडचणी तपशिलात आहेत. ताकदीच्या चाचणीत मुद्दाम कमी जोर लावणं सहज शक्य असतं. मर्यादा ठरवली तर ती फक्त ट्रान्स महिलांना लावायची की शंभर किलोच्या जन्मतः स्त्री असलेल्या प्रॉपलाही? आणि रविवारी सकाळी चिखलात खेळणाऱ्या क्लबात हे मोजायचं कुणी?

चौथा पर्याय सरसकट बंदीचा. पाचवा, सर्वांसाठी खुला गट किंवा टच रग्बीसारखे बिनटक्करीचे प्रकार. या पाचव्या पर्यायाला सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणीही त्यावर मनापासून काम केलं नाही. त्याकडे पुढे येऊ.

काय केलं गेलं

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनला वर्ल्ड रग्बीनं एक कार्यशाळा भरवली. संघटनेचे विज्ञान सल्लागार रॉस टकर, स्वतः ट्रान्स असलेल्या आणि धावपटूंवर संशोधन करणाऱ्या जोआना हार्पर, हिल्टन, महिलांच्या गटासाठी मोहीम चालवणाऱ्या निकोला विल्यम्स, क्रीडानीतीचे अभ्यासक जॉन पाइक असे एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक एका खोलीत बसले. वाद टाळण्यासाठी फक्त आपल्या बाजूचे तज्ज्ञ बोलावण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी वापरली नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

माझ्या मते सगळं प्रकरण त्या खोलीत ठरलं, आणि ते विज्ञानानं ठरलं नाही. पाइक यांचा मुद्दा असा होता, की तीन तत्त्वांचा तराजूत तोल साधायचा नसतो, त्यांची पायरी लावायची असते. आधी सुरक्षितता. ती भागली की न्याय्य स्पर्धा. तीही भागली की मग समावेश. पहिल्या पायरीवर अडलं तर पुढच्या पायऱ्यांवरच्या चांगुलपणानं त्याची भरपाई होत नाही. एकदा ही मांडणी स्वीकारली की बाकीचं उतारावरून आल्यासारखं येतं. कारण मग प्रश्न ‘समावेशासाठी किती धोका पत्करायचा’ असा उरतच नाही. ‘धोका वाढतो का’ एवढाच उरतो. आणि पुरावा अपुरा असताना तो आणण्याची जबाबदारी कुणाची, याचंही उत्तर त्यातच येतं. जो ‘धोका नाही’ म्हणतो त्यानं तसा पुरावा द्यायचा.

मांडणी चूक होती असं मी म्हणत नाही. मान मोडण्याची शक्यता असलेल्या खेळात सुरक्षितता पहिली ठेवणं समजण्यासारखं आहे. पण हा मूल्यांचा निर्णय होता आणि लोकांसमोर मात्र तो ‘विज्ञान काय सांगतं’ या वेष्टनात गेला.

जुलै २०२० मध्ये ३८ पानांचा मसुदा फुटला आणि ब्रिटिश वर्तमानपत्रात आला. पुरुषी वाढ झालेल्या शरीरानं केलेल्या टॅकलमध्ये स्त्री खेळाडूला इजा होण्याचा धोका किमान २० ते ३० टक्क्यांनी जास्त, हे त्यातलं वाक्य जगभर फिरलं. हा आकडा ट्रान्स खेळाडूंचे सामने पाहून मोजलेला नव्हता. वजन आणि वेग यांतल्या सरासरी फरकांवरून बांधलेला तो अंदाज होता. मसुदा वाचणाऱ्याला ते कळत होतं. मथळा वाचणाऱ्याला नाही. संशोधकांच्या एका गटानं खुलं पत्र लिहून विरोध केला. कॅनडाच्या संघटनेनं आपण हे धोरण स्वीकारणार नसल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये नियम आला तो आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता. देशांतर्गत रग्बीत काय करायचं, ते प्रत्येक राष्ट्रीय संघटनेवर सोडलं गेलं. वयात येण्याआधीच उपचार सुरू केलेल्यांना मुभा राहिली. ट्रान्स पुरुषांना, वाढलेल्या धोक्याची कल्पना असल्याचं लेखी देऊन, पुरुषांच्या संघात खेळता येणार होतं.

इंग्लंड आधी या वाटेनं गेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरएफयूनं तिसऱ्या पर्यायाचाच प्रयोग मांडला. १७० सेंटिमीटरपेक्षा उंच किंवा ९० किलोपेक्षा जड ट्रान्स महिलेची अनुभवी प्रशिक्षकाकडून वेगळी पाहणी व्हावी, असा प्रस्ताव होता. सल्लामसलतीत ११,००० हून अधिक प्रतिसाद आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या क्रीडा परिषदांनी संयुक्त मार्गदर्शिका काढली आणि सरळ लिहिलं, की ताकदीच्या खेळांत समावेश, न्याय्यता आणि सुरक्षितता एकाच गटात एकत्र बसवता येत नाहीत. खेळानं काय आधी ते ठरवावं. शिवाय २०१० च्या समता कायद्यातल्या १९५ व्या कलमानं अशा खेळांना सुरक्षितता आणि न्याय्यतेसाठी अपवाद करण्याची मुभा आधीपासून दिलेली होती. दीड वर्षापूर्वी ९० किलोची पाहणी सुचवणाऱ्या संघटनेनं २९ जुलै २०२२ रोजी मतदान घेतलं. बंदीच्या बाजूनं ३३, विरोधात २६, तटस्थ २. महिलांच्या टक्करीच्या रग्बीत फक्त जन्मनोंदीत स्त्री असलेल्याच खेळतील, असं ठरलं.

३३ विरुद्ध २६. ज्या विषयावर दोन्ही बाजू ‘यात चर्चेला जागाच नाही’ म्हणत होत्या, त्यावर मत देणाऱ्यांतले चव्वेचाळीस टक्के दुसरीकडे होते.

काय झालं

आयर्लंडनं ऑगस्टमध्ये आणि वेल्सनं सप्टेंबरमध्ये तोच मार्ग धरला. आयर्लंडमध्ये अशा नोंदणीकृत खेळाडू दोनच होत्या. त्या मोजक्या जणींसाठी हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर संघच संपला. क्लबात येऊन पंच व्हा, प्रशिक्षण द्या, टच रग्बी खेळा, असं सुचवणं सोपं असतं. ज्यांनी रग्बी निवडली त्यांनी ती टक्करीसाठीच निवडलेली असते. काही संघांतल्या महिलांनी आपल्या ट्रान्स सहकाऱ्यांची बाजू उघडपणे घेतली. काहींनी, अनेकदा नाव न देता, सुटकेचा निःश्वास टाकला. टॅकल झेलणाऱ्या बायकाही एका मताच्या नव्हत्या.

पुढे जलतरण (जून २०२२), अॅथलेटिक्स (मार्च २०२३), सायकलिंग (जुलै २०२३) आणि क्रिकेट (नोव्हेंबर २०२३) यांच्या जागतिक संघटनांनीही दारं बंद केली. क्रिकेटचा नियम आपल्याकडच्या वाचकांना ट्रान्स क्रिकेटपटू अनाया बांगर हिच्यामुळे ठाऊक आहे. तिनं त्यावर जाहीरपणे आक्षेप घेतला आहे. पण या खेळांत अंगाला अंग भिडत नाही. तिथे न्याय्यतेचा मुद्दा पुढे केला गेला. रग्बीनं सुरक्षिततेवर उभा केलेला युक्तिवाद त्यांना लागू पडत नाही, आणि त्यांच्या नियमांचा दाखला रग्बीलाही देता येत नाही. ‘सगळेच करतायत’ या वाक्यात हा फरक हरवतो.

वर्ल्ड रग्बीनं ठेवलेली वयात येण्याआधीच्या उपचारांची सवलत ब्रिटनपुरती तरी कागदावरच राहिली. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना लिंगओळखीच्या कारणासाठी वयात येणं थांबवणारी औषधं नव्यानं देण्यावरची बंदी बेमुदत करण्यात आली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक बंदीच्या आधीची आहे. २०१५ पासून २०२० पर्यंत ट्रान्स महिलांना परवानग्या मिळत होत्या, आणि परवानगीसोबत माहिती गोळा करण्याची कुठलीही सोय त्या नियमात नव्हती. खेळाडूच्या संमतीनं त्यांचे टॅकल चित्रित करून त्याच क्लबातल्या इतर खेळाडूंच्या टॅकलशी ताडून पाहता आले असते. एका देशात सहा-सात खेळाडू असतील, तर पाच-सहा देश मिळून आकडा निदान विचार करण्याजोगा झाला असता. दुखापतींची टक्केवारी त्यातूनही निघाली नसती. पण टक्करीचा जोर किती आणि टॅकल करणारीचं डोकं कुठे जातं, हे दिसलं असतं. तसं न झाल्यानं २०२० मध्ये सगळ्यांना सरासरीच्या अंदाजांवर भांडावं लागलं.

दुसरा मुद्दा मला अधिक खटकतो. २०२० चा नियम आंतरराष्ट्रीय रग्बीला लागू झाला आणि क्लब रग्बी मोकळी राहिली. कारण सुरक्षिततेचं असेल तर हे उलटं आहे. आंतरराष्ट्रीय खेळाडू वर्षानुवर्षं टॅकल शिकलेली असते, तिची मान आणि खांदे तयार असतात, बाजूला डॉक्टर असतो. क्लबात एकीनं तीन महिन्यांपूर्वी चेंडू हातात घेतलेला असतो आणि प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या गाडीत आहे ते शोधावं लागतं. कौशल्यातली आणि ताकदीतली दरी तिथेच सर्वांत मोठी. न्याय्यतेसाठी बंदी असती, तर वरच्या पातळीवर कडक आणि खाली सैल हा क्रम शोभला असता. सुरक्षिततेचं कारण देऊन तो शोभत नाही. संघटनेनं एक कारण सांगितलं आणि दुसऱ्या कारणाला साजेसा नियम केला, असंच यावरून वाटतं. इंग्लंडनं २०२२ मध्ये ही विसंगती काढली खरी, पण ज्या टोकानं काढली त्यात जिंकण्या-हरण्याशी कुणाला फारसं देणंघेणं नसलेल्या सामन्यांतूनही त्या सहा-सात जणी बाहेर गेल्या.

माझं मत विचाराल तर: आंतरराष्ट्रीय पातळीवरचा निर्णय, त्याची कारणं नीट मांडली असती तर, टिकणारा होता. क्लब पातळीवर मी आधी पाचवा पर्याय उभा केला असता. बंदीच्या ठरावातच टच रग्बीची किंवा मिश्र संघांची लीग कोणत्या महिन्यात सुरू होणार, मैदानं कुठली आणि खर्च कुणाचा, हे लिहिता आलं असतं. मतदान तेव्हाही कदाचित ३३–२६ च झालं असतं. पण बाहेर गेलेल्या खेळाडूला हातात काहीतरी देऊन पाठवता आलं असतं.

आणि तीन तत्त्वांची पायरी लावायचीच होती, तर ती लावण्याचं काम खेळाडूंसमोर व्हायला हवं होतं. टॅकल करणाऱ्या महिलांना ‘सुरक्षितता आधी हवी का’ असं विचारून उपयोग नाही, कुणीही हो म्हणेल. ‘शंभर किलोच्या प्रॉपचा धोका तुम्ही पत्करता, याहून किती जास्त पत्कराल, आणि कुणासाठी?’ असं विचारायला हवं होतं.

आपल्याकडे कबड्डी किंवा कुस्तीच्या एखाद्या जिल्हा संघटनेपुढे असा अर्ज उद्या आला, तर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा भेदभावाला मनाई करतो, पण महिलांच्या गटात पकड घालायला कोण उतरू शकतं याचं उत्तर त्यात नाही. या दोन्ही खेळांत वजन आधीच मोजलं जातं, त्यामुळे रग्बीतला निम्मा युक्तिवाद तिथे गळून पडतो. उरलेला निम्मा, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त ताकद, त्यावरच त्या संघटनेला डोकं लावावं लागेल, आणि पहिला अर्ज मंजूर करताना दुखापतीची नोंदवही कोण ठेवणार हे त्याच बैठकीत ठरवावं लागेल.